‘फक्त टॉर्क बाकी आहे’: अर्धवट कामाचा हँडओव्हर द्यावा कसा, घ्यावा कसा

नुकतंच लायसन्स हातात आलंय, टाइप रेटिंग झालंय आणि महिन्यातल्या काही रात्री शिफ्टची जबाबदारीही अंगावर पडू लागली आहे, अशा एएमईंसाठी, म्हणजे विमानांची देखभाल करून त्यावर सही करणाऱ्या इंजिनिअरांसाठी हे लिहितोय. मॅन्युअल वाचायला, टॉर्क लावायला (नट-बोल्ट ठरलेल्या जोरानं आवळायला), स्नॅग म्हणजे बिघाड शोधायला आपल्याला शिकवलेलं असतं. अर्धवट राहिलेलं काम दुसऱ्याच्या हाती सोपवायला कुणी शिकवत नाही. ते बघून बघून उचललं जातं आणि बहुतेक वेळा चुकीचंच उचललं जातं. क्रू रूम, हातात चहाचा कप, खांद्यावर बॅग आणि जाता जाता दोन वाक्यं: ‘चार नंबरचं व्हील बदललंय. फक्त टॉर्क बाकी आहे.’

हे वाक्य मी सकाळच्या शिफ्टला, नवा बी१ (इंजिन आणि यांत्रिक कामांचं लायसन्स असलेला) असताना ऐकलं. विमान ए३२० होतं आणि निघायला तास उरला होता. मेन व्हीलच्या ॲक्सल नटला टॉर्क एकदाच लावून भागत नाही. आधी चाक फिरवत ठेवून जास्त टॉर्क लावायचा, म्हणजे बेअरिंग नीट बसतं. मग नट सैल करायचा, पुन्हा चाक फिरवत ठरलेला कमी टॉर्क लावायचा आणि शेवटी लॉकिंग बोल्ट. ‘टॉर्क बाकी’ म्हणजे यातला कोणता? मी धरून चाललो की पहिला झालाय, दुसरा राहिलाय. टास्क कार्डवर, म्हणजे कामाच्या पायऱ्यांच्या कागदावर, एकाही पायरीपुढे सही नव्हती. मी रेंच लावणार, तेवढ्यात टेक्निशियननं चाक हातानं हलवून पाहिलं. चाक डुगडुगलं. नट फक्त हातानं आवळलेला होता. देणारा तोवर घरी जाऊन झोपला होता, फोन बंद. सगळं पहिल्या पायरीपासून केलं, विमान उशिरा गेलं.

खोटं कुणीच बोललं नव्हतं. खाली दिलेला क्रम अशा वाक्यांना जागाच उरू नये यासाठी आहे.

टप्पा १: शिफ्ट सुरू होण्याआधी माणसांचा हिशेब करा

शिफ्ट मॅनेजरचं पहिलं काम विमानांची यादी बघणं नव्हे. आधी रोस्टर उघडा. आज कोण आहे, त्याच्याकडे कोणतं लायसन्स, कोणतं रेटिंग आणि कंपनीचं कोणतं ऑथरायझेशन आहे, ते पाहा.

‘ए३२०चा माणूस आहे’ एवढ्यानं भागत नाही. ए३२० कुटुंबात सीएफएम५६, व्ही२५००, लीप-१ए आणि पीडब्ल्यू११००जी या इंजिनांची वेगवेगळी रेटिंगं आहेत. जुन्या इंजिनाचं रेटिंग असलेला अनुभवी माणूस शेजारी उभ्या असलेल्या निओच्या (नव्या इंजिनाच्या ए३२०च्या) रिलीजवर सही करू शकेलच असं नाही. बी१ आणि बी२ची (बी२ म्हणजे इलेक्ट्रिकल-एव्हिऑनिक्सवाला) हद्दही लक्षात ठेवा. कॅटेगरी ए असलेल्याला फक्त स्वतःच्या हातानं केलेल्या, ठरवून दिलेल्या साध्या कामाचीच सही करता येते. दुसऱ्यानं अर्धं केलेलं काम पुरं करून त्यावर सही करायला तो नाही.

शिवाय दोन तारखा पाहा. लायसन्स दर ५ वर्षांनी नूतनीकरणाला येतं. आणि मागच्या २४ महिन्यांत ६ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव नसेल तर लायसन्स खिशात असूनही ते वापरता येत नाही. लांब रजेवरून किंवा ऑफिसच्या कामावरून परतलेल्यांच्या बाबतीत हे हमखास निसटतं.

हा हिशेब हँडओव्हरशी थेट जोडलेला आहे. रात्री बी२नं उघडलेलं काम सकाळच्या शिफ्टला द्यायचं आहे आणि सकाळी त्या टाइपचा बी२च नाही, हे पहाटे पाच वाजता कळून काय उपयोग? काम उघडण्याआधीच ‘हे माझ्या शिफ्टमध्ये संपलं नाही तर कोण घेणार’ याचं उत्तर नावानिशी हवं. नाव नसेल तर काम उघडू नका. विमान उभं ठेवायचं की एमईएलखाली (काय बंद असताना किती दिवस उडता येतं त्याची यादी) दुरुस्ती पुढे ढकलायची, म्हणजे डिफर करायची, हे मेंटेनन्स कंट्रोलशी आत्ताच बोला.

*सावध:* माणसं कमी पडली की शिफ्ट मॅनेजर स्वतः पाना उचलतो. १० जून १९९० रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमहून निघालेल्या बीएसी वन-इलेव्हनची पुढची काच हवेत उडाली आणि कॅप्टन अर्धा बाहेर खेचला गेला. तो वाचला. ती काच रात्रपाळीच्या शिफ्ट मेंटेनन्स मॅनेजरनं स्वतः बसवली होती. काढलेल्या जुन्या बोल्टशी ताडून, नजरेनं त्यानं नवे बोल्ट निवडले. ९० पैकी ८४ बोल्ट कमी व्यासाचे निघाले, उरलेले ६ आखूड. तो कामचुकार नव्हता, काम अडू नये म्हणून धडपडणारा होता. पण मॅनेजरच हातानं काम करत असला की त्याचं काम बघायला वर कुणी उरत नाही. पाना उचलावाच लागला, तर त्या कामापुरती देखरेख आणि तपासणी दुसऱ्या सही करणाऱ्याकडे द्या, आणि तसं लिहून ठेवा.

टप्पा २: काम उघडताच नोंद उघडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

आपल्याकडची सवय अशी: आधी हात चालवायचे, लिखाण शेवटी. काम एकाच शिफ्टमध्ये, एकाच माणसाच्या हातून संपणार असेल तर हे कसंबसं चालून जातं. काम मध्येच दुसऱ्याकडे जाणार असेल, तर शेवटी लिहिलेली नोंद ही आठवणीतून लिहिलेली नोंद असते. तीही पहाटे चार-पाचला, जेव्हा शरीर झोप मागत असतं. दोन ते सहा या वेळात माणसाची एकाग्रता सगळ्यात खाली जाते. त्या वेळच्या आठवणीवर कुणाच्याही विमानाचा भार टाकू नये.

म्हणून क्रम असा ठेवा. पॅनल उघडलं की लगेच टेकलॉगमध्ये (विमानाच्या नोंदवहीत) किंवा वर्क ऑर्डरमध्ये त्याची ओळ उघडा: कोणतं पॅनल, कोणत्या कामासाठी. सर्किट ब्रेकर ओढला, तो कुणी परत दाबू नये म्हणून कॉलर लावला, की त्याची ओळ. कुठली पाइप सोडली, कनेक्टर काढला, की त्याची ओळ. मॅन्युअलमध्ये ‘हे काढण्यासाठी आधी ते काढा’ असतं, त्या ‘ते’चीही ओळ. मुख्य पार्टची नोंद सगळे करतात. वाटेत आड आलेला ब्रॅकेट, क्लँप, बाजूला केलेली डक्ट यांची नोंद राहून जाते आणि शेवटी तेच सुटं राहतं.

उघडलेली प्रत्येक गोष्ट बंद करण्यासाठी स्वतंत्र सही लागली पाहिजे. टास्क कार्ड दोन ओळींचं आणि काम चाळीस पायऱ्यांचं असेल, तर स्टेज शीट जोडा. तुमच्या संस्थेत त्याचा ठरलेला फॉर्म असतो. नसेल तर क्वालिटीकडे मागा. साध्या वहीच्या पानावर पायऱ्या लिहून ते खिशात ठेवणं हा उपाय नाही, कारण ते पान तुमच्याबरोबर घरी जातं.

११ सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत टेक्सासमध्ये ईगल लेकजवळ एम्ब्रेअर १२० विमान हवेतच तुटलं. विमानातले सगळे १४ जण गेले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या भागावरचे बर्फ काढणारे रबरी बूट बदलायचं काम दोन शिफ्टमध्ये विभागलं गेलं होतं. संध्याकाळच्या शिफ्टनं डाव्या बाजूच्या कडेचे वरचे ४७ स्क्रू काढले. पुढच्या शिफ्टनं उजव्या बाजूचं काम पुरं केलं. डावीकडचे स्क्रू निघाले आहेत हे कागदावर कुठेच नव्हतं, आणि ते टी-टेल, म्हणजे शेपटीचा आडवा भाग उंच टोकावर असलेलं विमान असल्यानं वरची बाजू जमिनीवरून दिसतही नव्हती. विमान सकाळी तसंच निघालं. स्क्रू काढताना एक ओळ लिहिली असती तर पुढच्या माणसाला ती बंद करावीच लागली असती.

*तपासा:* काम करणाऱ्याला आत्ता या क्षणी शिडीवरून खाली बोलावून घरी पाठवलं, तर फक्त कागद वाचून दुसरा माणूस पुढची पायरी करू शकेल का? उत्तर ‘नाही’ असेल तर काम थांबवा, आधी नोंद पुरी करा. रात्रीतून दोनदा तरी हा प्रश्न प्रत्येक विमानापाशी विचारा.

टप्पा ३: सुटे भाग, टॅग, हत्यारं

काढलेले नट-बोल्ट पिशवीत, पिशवीवर विमानाची शेवटची तीन अक्षरं आणि पॅनलचा नंबर. एका ट्रेमध्ये दोन पॅनलचे स्क्रू कधीच नकोत; लांबीत फरक असतो आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर आतली वायर किंवा पाइप भोसकतो.

कॉकपिटमध्ये टॅग लावताना त्यावर काम, नाव, शिफ्ट आणि तुम्हाला गाठायचा नंबर लिहा. कोरा लाल टॅग बघून पुढच्याला एवढंच कळतं की कुणीतरी काहीतरी केलंय. दुसऱ्याचा टॅग किंवा कॉलर त्याची ओळ वाचल्याशिवाय काढायचा नाही, कितीही घाई असो. फ्लाइट कंट्रोलजवळ माणूस हात घालून बसलेला असताना दुसऱ्यानं हायड्रॉलिक प्रेशर दिलं तर काय होतं, ते सांगायला नको.

हत्यारं ज्याच्या नावावर टूल क्रिबमधून निघाली, त्यानंच परत करावीत. पुढच्या शिफ्टला तीच हवी असतील, तर रजिस्टरमध्ये नाव बदलून द्या. ‘तिथेच ठेवलीत, वापरा’ असं सांगून गेलात की हरवलेल्या टॉर्चचा किंवा सॉकेटचा शोध कुणी घ्यायचा यावरच तास जातो. टॉर्क रेंच नावावर करून घेताना कॅलिब्रेशनची तारीख वाचा.

दुसऱ्या विमानातून पार्ट काढून लावला असेल, म्हणजे रॉब केला असेल, तर दोन्ही विमानांच्या नोंदीत तो हवा. ज्या विमानातून काढला त्याची ओळ विसरणं फार सोपं आहे, कारण त्या वेळी सगळ्यांचं लक्ष दुसऱ्या विमानावर असतं.

टप्पा ४: शिफ्ट संपायच्या पाऊण तास आधी नवं काम उघडायचं बंद

हा नियम मी माझ्या शिफ्टला घालून दिलाय आणि त्यावरून वाद होतात. ‘अजून पन्नास मिनिटं आहेत, एक फिल्टर होऊन जाईल.’ होईलही. पण ओ-रिंग स्टोअरमध्ये नाही असं निघालं, की फिल्टरची वाटी उघडी आणि शिफ्ट संपलेली.

या पाऊण तासात चालू कामं थांबण्याजोग्या ठिकाणी आणायची. थांबण्याजोगं ठिकाण दोन प्रकारचं असतं: एक तर ती जोडणी पूर्ण झालेली, टॉर्क लावून, लॉक करून, सही करून, नाहीतर उघडपणे सुटी, बघताक्षणी सुटी दिसणारी. या दोहोंच्या मधली अवस्था धोक्याची. हातानं आवळलेला बोल्ट, एका बाजूनं घातलेला स्प्लिट पिन, नुसतं टेकवलेलं पॅनल, बसवलेला पण न लॉक केलेला कनेक्टर: हे सगळं दुरून पूर्ण दिसतं. हातानं आवळलेला नट सोडून जाण्यापेक्षा तो पूर्ण काढून पिशवीत घालणं बरं. वेळ वाया गेल्यासारखं वाटतं, पण पुढच्याला डोळ्यांनी दिसतं की काम व्हायचंय.

पॅनल बंद दिसेल पण लॅच लावलेले नसतील असं कधीच सोडू नका. इंजिनाच्या फॅन काउलला, म्हणजे बाहेरच्या झाकणाला, हे सगळ्यात जास्त लागू आहे. ए३२० कुटुंबात त्याचे लॅच इंजिनाच्या पोटाखाली असतात, वाकल्याशिवाय दिसत नाहीत. काउल उघडं ठेवायचं असेल तर रॉड लावून पूर्ण उघडं ठेवा, बंद करायचं तर सगळे लॅच लावूनच.

सीलंट लावला असेल तर लावल्याची वेळ लिहा. सुकायला किती तास हवेत हे पुढचा मॅन्युअलमधून काढेल, पण घड्याळ कधी सुरू झालं हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

*सावध:* पावसाळ्यात मुंबईत उघड्या स्टँडवर काम असेल तर हा पाऊण तास दीड तासाचा करा. विजेचा इशारा आला की विमानाजवळचं काम थांबतं आणि माणसं आत येतात, ती जशी असेल तशी सोडून. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ‘थांबण्याजोगं ठिकाण’ मनात ठेवूनच काम उघडावं लागतं. पाणी आत जाऊ नये म्हणून लावलेली टेप किंवा प्लॅस्टिक हीसुद्धा नोंदीतली ओळ आहे. १९९६ साली पेरूमध्ये एका बोइंग ७५७च्या स्टॅटिक पोर्टवर (बाहेरच्या हवेचा दाब घेणाऱ्या छिद्रांवर) धुताना लावलेली टेप तशीच राहिली; उंची आणि वेग दाखवणारी उपकरणं चुकली आणि विमान समुद्रात गेलं. ७० जण त्यात गेले.

टप्पा ५: लेखी हँडओव्हर

‘काम चालू आहे’ ही नोंद नाही. ‘जवळजवळ झालंय’ ही तर नकोच.

एकच काम दोन तऱ्हांनी लिहून दाखवतो.

चुकीची नोंद: ‘डावं इंजिन, फ्युएल फिल्टर बदलणं चालू. लीक चेक बाकी.’

बरोबर नोंद: ‘डावं इंजिन, फ्युएल फिल्टर. टास्क कार्डच्या पायरी ७ पर्यंत काम झालं व सही केली. फिल्टर आणि नवी ओ-रिंग बसवली. कव्हरचे बोल्ट हातानं लावले होते, ते काढून पिशवीत, पिशवी कार्डला जोडली आहे. पुढची पायरी ८: बोल्ट लावून टॉर्क. लीक चेकसाठी इंजिन रन लागेल, परवानगी अजून घेतलेली नाही. दोन सर्किट ब्रेकर ओढून कॉलर लावलेत, नंबर स्टेज शीटवर. डावे-उजवे दोन्ही फॅन काउल रॉड लावून उघडे.’

शेवटची सही झालेली पायरी, पुढची पायरी, आणि विमान या क्षणी कोणत्या अवस्थेत आहे, हे तिन्ही असलं की घेणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही. पार्टची वाट बघत असाल तर मागणीचा नंबर आणि तो कुठवर आलाय ते लिहा. आणि काय *केलेलं नाही* तेही लिहा. घेणारा माणूस केलेल्याच्या यादीवरून न केलेलं ओळखू शकत नाही.

कॉकपिटच्या कामात हे आणखी महत्त्वाचं. ऑगस्ट १९९३ मध्ये लंडनजवळ गॅटविकहून निघालेलं एक ए३२० उड्डाण करताच उजवीकडे कलू लागलं. फ्लॅप बदलण्यासाठी उजव्या पंखावरचे स्पॉयलर (वर उघडणाऱ्या झडपा) मेंटेनन्स मोडला टाकले होते; काम शिफ्टमधून शिफ्टकडे गेलं आणि ते परत नेहमीच्या अवस्थेत आणायचं राहिलं. बाहेरून बघून ते ओळखणं सोपं नव्हतं. जे डोळ्यांना दिसत नाही ते आधी लिहा.

टप्पा ६: एमईएलची तारीख, आणि साडेपाच तासांचा घोळ

डिफर केलेल्या स्नॅगची मुदत हँडओव्हरमध्ये हमखास चुकते. बी कॅटेगरीला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२०; ए ची मुदत त्या-त्या आयटमसमोरच दिलेली असते. ज्या दिवशी नोंद झाली तो दिवस धरायचा नाही, दुसऱ्या दिवसापासून मोजायचं.

घोळ होतो तो रात्रपाळीत. टेकलॉग यूटीसीमध्ये (आपल्या आयएसटीच्या साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेत) असेल तर १५ जुलैच्या पहाटे तीन वाजता लिहिलेली नोंद यूटीसीप्रमाणे १४ जुलैची, रात्री साडेनऊची असते. बी कॅटेगरीची मुदत मग १७ जुलैच्या मध्यरात्री संपते. भिंतीवरचं कॅलेंडर बघून मोजणारा १८ लिहितो आणि विमान एक दिवस मुदतीबाहेर उडतं. तुमच्या ऑपरेटरच्या एमईएलच्या सुरुवातीच्या भागात दिवस कोणत्या वेळेनं धरायचा ते दिलेलं असतं. ते एकदा वाचा आणि हँडओव्हर शीटवर मुदतीबरोबर ‘यूटीसी’ किंवा ‘आयएसटी’ लिहिल्याशिवाय तारीख स्वीकारू नका.

आयटमसमोर ‘एम’ असेल तर देखभालीची कृती करावी लागते. ती एकदाच करायची की रोज किंवा प्रत्येक उड्डाणाआधी, ते पुढच्या शिफ्टला स्पष्ट सांगा.

टप्पा ७: दोघं मिळून विमानापाशी जा

देखभाल संस्थांसाठीची नियमावली सीएआर-१४५ सांगते की शिफ्ट बदलताना कामाची माहिती देणाऱ्याकडून घेणाऱ्याकडे पुरेशी पोहोचली पाहिजे. कागद आणि तोंडी बोलणं, दोन्ही लागतात, आणि बोलणं विमानासमोर व्हायला हवं. देणाऱ्यानं बोटानं दाखवावं, घेणाऱ्यानं हात लावून बघावं.

फेब्रुवारी १९९५ मध्ये इंग्लंडमधल्या एका बोइंग ७३७-४००चं दोन्ही इंजिनांचं बोरोस्कोप (आत दुर्बीण घालून) तपासणीचं काम असंच तोंडी हाती गेलं. लाइन इंजिनिअरनं सुरुवात करून काम बेस मेंटेनन्स कंट्रोलरला सोपवलं आणि त्यानं ते स्वतःच पुरं केलं. दोन्ही इंजिनांच्या एचपी (हाय प्रेशर) रोटर ड्राइव्हची कव्हरं बसवायची राहिली, नंतरचा इंजिन रनही झाला नाही. उड्डाणानंतर दोन्ही इंजिनांतलं तेल जवळजवळ संपलं. वैमानिकांनी वेळीच लूटनला उतरवलं म्हणून निभावलं. दोन्ही इंजिनांचं एकच काम एकाच रात्री, एकाच माणसाकडून करवू नका. करावंच लागलं, तर दोन इंजिनांवर दोन माणसं.

विमानापाशी पोचल्यावर पहिली गोष्ट: रजिस्ट्रेशन मोठ्यानं वाचा आणि कागदावरच्या अक्षरांशी ताडा. हे पोरकट वाटतं. मे २०१३ मध्ये हीथ्रोला रात्रपाळीच्या दोन टेक्निशियननी एका ए३१९ची फॅन काउल लॅच न लावता सोडली, हत्यार आणायला गेले आणि परतले ते दुसऱ्याच विमानाकडे. तिथली काउल बंद होती. कुणीतरी लावली असतील असं त्यांना वाटलं. सकाळी पहिल्या विमानाची दोन्ही इंजिनांची काउल उड्डाणात उडाली.

मग घेणाऱ्यानं आपल्या शब्दांत सांगायचं, काय झालंय, काय उरलंय. देणारा फक्त ऐकतो आणि चुकलं तिथे थांबवतो. ‘समजलं ना?’ असं विचारू नका. पहाटे सहाला त्याचं उत्तर सगळे ‘हो’ असंच देतात.

*तपासा:* लँडिंग गिअरच्या पिना किती लावल्या, आत्ता किती दिसतात? पिटो (वेग मोजणाऱ्या नळ्या) कव्हरं? आत्ता विमानात कोण आहे, आणि विमानाला वीज किंवा हायड्रॉलिक प्रेशर दिलं तर त्यांना इजा होईल का?

घेणाऱ्याला पटलं नाही तर त्यानं सही करू नये. शिफ्ट मॅनेजर म्हणून तुम्ही अशा वेळी घेणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायला हवं. आणि रोस्टरमध्ये दोन शिफ्टचा अर्धा तास तरी एकत्र येईल असं मांडा. माणसांच्या चांगुलपणावर हा अर्धा तास उभा असेल, तर लोकल चुकायच्या भीतीनं तो दहा मिनिटांवर येतो.

टप्पा ८: घेतलेलं काम पुढे नेताना

पुढच्या पायरीपासून सुरू करू नका. किमान तीन पायऱ्या मागे जा आणि त्या झाल्या आहेत हे डोळ्यांनी, हातानं पाहा. टॉर्क सीलची (आवळलेल्या नटावर रंगानं ओढलेली) रेघ अखंड आहे का? लॉकवायर, म्हणजे बोल्ट सुटू नये म्हणून बांधलेली तार, योग्य दिशेनं ओढली आहे का? सही असूनही शंका आली तर ती पायरी पुन्हा करा.

स्वतंत्र तपासणी लागणारी कामं, म्हणजे फ्लाइट कंट्रोल आणि इंजिन कंट्रोल, शिफ्टच्या सीमेवर विशेष जपा. पहिली तपासणी रात्री झाली, दुसरी सकाळी होणार, आणि मधे कुणी काही हलवलं असेल तर पहिली तपासणी गेली असं समजा. दोन्ही परत करा. दुसरी तपासणी करणाऱ्याचा त्या कामात हात असता कामा नये, मग तो कितीही अनुभवी असो.

टप्पा ९: रिलीज

सीआरएसवर, म्हणजे विमान उड्डाणाला सोडण्याच्या प्रमाणपत्रावर सही करण्याआधी उघडलेल्या सगळ्या ओळी मोजा आणि बंद केलेल्या ओळी मोजा. आकडे जुळले नाहीत तर सही नाही. हत्यारं परत आली, पॅनल बंद झाली, आत काही राहिलं नाही, ही सर्वसाधारण तपासणी रिलीज करणाऱ्यानं विमानाभोवती स्वतः फिरून करावी. फॅन काउलच्या लॅचसाठी खाली वाका, प्रत्येक लॅचला हात लावा, खालची जमीन ओली असली तरी.

सकाळची सही तुमची असेल तर रात्रीच्या माणसानं काय सांगितलं हे तुमच्या मदतीला येत नाही. ज्यावर तुमची सही, ते तुम्हीच पाहिलेलं किंवा सही असलेल्या पायरीनं सिद्ध झालेलं असलं पाहिजे.

टप्पा १०: घरी जाताना

पहिलं उड्डाण होईपर्यंत फोन चालू ठेवा. झोपायचं असेल तर त्यानंतर झोपा. लोकलमध्ये बसल्यावर, अंधेरी मागे पडल्यावर एकदम आठवतं की त्या खालच्या पॅनलचे दोन स्क्रू... नक्की लावले का? लावले असतील बहुतेक, असं म्हणून डोळे मिटू नका. लगेच फोन करा, आणि चालू शिफ्टच्या मॅनेजरलाच करा. मित्राला मेसेज टाकून सोडून देऊ नका. आधी रजिस्ट्रेशनची शेवटची तीन अक्षरं सांगा, मग ‘विमान सोडू नका’ सांगा, आणि त्यानंतर काय आठवलं ते सांगा. फोन मधेच कटला तरी विमान थांबलेलं असेल.